बारदाना वजा

मोताळ्याच्या मार्केटात कारभारी मापाडी तीस वर्षं माल तोलत आला. धान्यानं भरलेला कट्टा काट्यावर चढला की आकडा वाचायचा, "बारदाना वजा!" म्हणून ओरडायचं आणि रिकाम्या पोत्याचं वजन कापून चिठ्ठी फाडायची. ही खोड घरीही सुटली नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं बायकोला नुसत्या डोळ्यांनी तोललं आणि म्हणाला, "साडेबेचाळीस, लुगडं वजा." वच्छलाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. गल्ली अजून हसते.

पोरगा हर्षल मालवाहू विमानांच्या कंपनीत लागला, तेव्हा तर कारभारीचे पाय जमिनीला लागेनात. विमानात कुठं किती वजन, त्यावर तेल किती, हा तक्ता हर्षल बघायचा.

"मी कट्टे तोलतो, पोरगा इमान तोलते," कारभारी टपरीवर सांगायचा.

"मंग इमानाले हमाल किती लागते बे, कारभारी?"

असं कुणी चिडवलं की तो खुशीत आणखी एक कट चहा सांगायचा.

आणि एका सोमवारी, ना दिवाळी ना लग्नसराई, हर्षल बॅग घेऊन दारात. "साचलेली सुट्टी हाय," कारभारीनं गल्लीला सांगितलं. चौथ्या दिवशी त्याला पोराच्या हातात कागद दिसला. कंपनीनं आठ दिवसांत खुलासा मागितला होता. पटला नाही तर नोकरी जाणार होती.

"काय चुकलं?"

"वजन, बाबा. त्या दिवशी कंप्यूटर बंद पडला, तक्ता हातानं केला. शेपटीकडच्या आठ नगांचा, माल ज्यावर बांधतेत तो खालचा पत्रा आन् वरची जाळी, नगामागं शंभर किलो... मी वजा करून टाकले."

कारभारीला चूक कळेना. "वजा तं कराच लागते. बारदानाच हाय ना तो?"

"इमानाले बारदाना बी उचला लागते, बाबा."

शेपटीकडं आठशे किलो कागदावर नव्हतेच. तेलही त्याच कागदाच्या हिशेबानं भरलं. उडताना शेपटी धावपट्टीला घासली, विमान कसंबसं परत उतरवलं. माणसं वाचली.

कारभारीला आठवलं. शाळेच्या सुट्टीत त्याच्या चिठ्ठ्या हर्षलच लिहायचा. वजा करायला विसरला की टपली बसायची.

"लिव मंग, बापानं शिकवलं."

"काऊन लिवू? इमान तुमी तोललं का?"

हर्षलनं एवढंच लिहिलं: माझं लक्ष नव्हतं. कंपनीला ते पटलं नाही.

आता मार्केटात काट्याशी दोघं असतात. कारभारी आकडा सांगतो, हर्षल लिहितो. मधली आरोळी बंद झाली आहे. पोत्याचं वजन हर्षल मुकाट्यानं कापतो, तेव्हा कारभारी दुसरीकडं बघतो. टपरीवर त्याला कुणी चिडवत नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं.