कन्यादानाआधीचा मऊ भात

रविवार, ३ ऑगस्ट २०१४. कर्वे रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात आगाऊ रक्कम म्हणून पंचवीस हजार रुपये भरले. उपस्थित: मी, पत्नी, मुलगी आणि कार्यालयाचे व्यवस्थापक. पावती पत्नीने घेतली, कारण मी तेव्हा स्टेजपासून पुरुषांच्या स्वच्छतागृहापर्यंतची पावले मोजत होतो. एक्केचाळीस भरली. शिवाय तीन पायऱ्या.

"वास्तुशास्त्र बघताय का?" व्यवस्थापकांनी विचारले. मी हो म्हणालो.

माझ्या पोटदुखीला तेव्हा नववे वर्ष लागले होते. सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या होत्या. डॉक्टरांनी नाव सांगितले होते आयबीएस, म्हणजे आतडी धडधाकट, फक्त चिडकी. जेवले की मुरडा, काळजी वाटली की मुरडा, आणि मुरडा येईल या काळजीनेही मुरडा. आला की पाच मिनिटांच्या आत जावेच लागे. कोथरूडहून हडपसरच्या कारखान्यापर्यंत कंपनीची बस सव्वा तास घेई. त्या वाटेवर कोणत्या पेट्रोल पंपावर आत सोडतात आणि कोणत्या हॉटेलवाल्याला आधी चहा सांगावा लागतो, हे मला पाठ होते. नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची. एवढ्यावर निभावत होते.

कन्यादान मात्र कडेच्या खुर्चीवरून करता येत नाही. पुण्याहवाचन, मंगलाष्टके, मग कन्यादान. सोवळे नेसून पाटावर बसायचे, समोर तीनशे माणसे. आमच्याकडे आईवडिलांनी तोपर्यंत उपाशी राहायचे असते, आणि रिकाम्या पोटी नुसता चहा हा माझ्यासाठी सर्वांत वाईट प्रकार. मुलगी एकुलती एक. माझ्याऐवजी धाकट्या भावाला बसवावे, असे मी मनातल्या मनात ठरवून टाकले होते.

पत्नीला सांगितले तेव्हा ती गवार मोडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "बसवा की. पण ते तिला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

मी सांगितले नाही.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या नाहीत. कोथरूडमधल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. वयाने माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या असतील.

"जेवायला किती वेळ लागतो, काका?"

"कॅन्टीनमध्ये सात मिनिटं. घरी नऊ, बातम्या बघत."

त्यांनी पथ्याचा कागद दिला, पण तो छोटा होता. म्हणाल्या, "काय खाता ते नंतर. कसं खाता ते आधी बघू." टीव्ही नाही, फोन नाही. घास घेतला की हात ताटात टेकवायचा. वास, चव, ऊन की गार, इकडे लक्ष द्यायचे. सावकाश चावायचे. पोट पुरे म्हणाले की थांबायचे.

मी भांडारपाल आहे. कोणी काम सांगितले की आधी वही आखतो. तारीख, पदार्थ, घास, दर घासाला किती वेळा चावले, एकूण मिनिटे, पोटाची स्थिती असे सहा रकाने पाडले. दर घास बत्तीस वेळा चावायचा, हे मीच ठरवले. बाई तसे म्हणाल्या नव्हत्या.

"झाले का बत्तीस?" पत्नी विचारी.

"मध्ये बोलू नकोस. चुकतं."

"मग पहिल्यापासून मोजा. आम्हाला काय, रात्र मोकळीच आहे."

पुढे तिने बोलणे सोडले. मुलगी ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. चार महिन्यांनी जाणारी मुलगी भिंतीपलीकडे जेवत होती आणि मी अलीकडे बसून मोजत होतो. पोट सुधारले नाही, उलट दुपारचाही मुरडा सुरू झाला. तीन आठवड्यांनी वही घेऊन बाईंकडे गेलो, थोडासा तक्रारीच्या सुरात.

त्यांनी पाने उलटली. "फार नीट ठेवलीय. परवा रात्री भाजी कोणती होती?"

मी वहीत पाहिले. "दुधी."

"कशी झाली होती?"

"चोवीस घास."

त्या हसल्या नाहीत. "काका, तुम्ही जेवत नाही आहात. जेवणावर देखरेख करताय. वही इथेच राहू दे."

त्यांनी ती खणात टाकली. बाहेर रस्त्यावर आल्यावर खिशातले पाकीट हरवल्यासारखे वाटत राहिले.

त्या रात्री नुसता जेवलो. पहिल्या घासाला काहीच कळले नाही. तिसऱ्या की चौथ्या घासाला कळले, की मी पोट आत ओढून बसलो आहे, जसे कोणी मारायला आल्यावर माणूस ओढतो तसे. ते सोडले. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा ओढले गेले, पुन्हा सोडले. तिसरी पोळी मी भुकेने खात नाही, पत्नीचा हात ती घेऊन पुढे आलेला असतो म्हणून खातो, हेही त्याच दिवशी कळले.

"पुरे," मी म्हणालो.

"बरं नाही का?"

"बरं आहे. पोट भरलं."

तिने पोळी परत डब्यात ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती, पण जेवताना हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकले नव्हते.

मुलगी आठवडाभराने टेबलावर परतली. दसऱ्यापर्यंत रोजचा मुरडा आठवड्यातून दोन-तीनदा येण्यावर आला. बरा झालो असे म्हणणार नाही. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी दोनदा उठावे लागले. जसजशी तारीख जवळ येई, तसतसा तो पाट मला दिसे आणि भोवतीची माणसे दिसत.

गुरुजी सामानाची यादी द्यायला आले तेव्हा घरातली मंडळी आत गेल्याचे पाहून मी हळूच विचारले, "समजा, मध्येच उठावं लागलं तर?"

"किती वर्षं आहे पोटाचं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा प्रश्न यजमान कुजबुजत विचारतात तेव्हा पोटाचाच असतो." ते यादी लिहीतच होते. "उठा. हातपाय धुवा, आचमन करा, बसा. उपासाचं म्हणाल तर चक्कर येऊन होमावर कलंडलेले यजमान पाहिलेत मी. थोडं खाऊन घ्या. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला जाऊ नका."

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयातल्या खोलीला आतून कडी लावली. पत्नीने घरून डब्यात मऊ भात आणला होता, तूप-मीठ घालून. ती स्वतः उपाशी होती. दाराला पाठ लावून बसली.

दोन घास झाले आणि दार वाजले. माझी आत्या.

"अरे, व्याही आलेत खाली. काय करतोयस?"

पत्नीने डोळ्यांनी नको म्हटले. मी म्हणालो, "जेवतोय."

"आज? कन्यादानाच्या आधी?"

"हो."

"तुझे वडील तुझ्या दोन्ही बहिणींच्या कन्यादानाच्या वेळी पाणीसुद्धा प्यायले नव्हते."

"माहीत आहे, आत्या."

"मग लवकर आटप तरी."

तेवढेच करायचे नव्हते. उरलेला भात चार घासांत संपवून दार उघडावे, असे हाताला वाटत होते. हात टेकवला. भात कोमट होता, तुपाचा कण अजून विरघळायचा होता, मीठ एका बाजूला जास्त पडले होते. बाहेर आणखी कोणीतरी आले आणि आत्याने त्यांना सगळे सांगितले. मी तो भात तसाच, एकेक घास करून खाल्ला. किती मिनिटे लागली ते सांगता येत नाही, घड्याळ काढून ठेवले होते.

पुण्याहवाचन पार पडले. मंगलाष्टके झाली. कन्यादानाला बसलो आणि पोटात पीळ बसला. मागे भाऊ उभा होता. तोही सोवळे नेसून आणि उपाशी. पत्नीने त्याला गुपचूप तयार ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. तो वाकला. "दादा, मी बसू का?"

हो म्हणणे सोपे होते. त्याने ते नीट केले असते, आणि पुढची सगळी वर्षे फोटोत तो बसलेला दिसला असता. मी गुरुजींकडे पाहिले. त्यांनी माइकवर फक्त "सनई चालू ठेवा" एवढेच सांगितले.

मी उठताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, सावकाश ये. मी कुठे जात नाहीये."

गेलो. लोक वाट देत होते आणि बघत होते. आलो, हातपाय धुतलेले होते, आचमन केले, बसलो. पीळ पुरता गेला नव्हता. पत्नीने पाण्याची धार धरली, मुलीचा हात माझ्या हातात होता, आणि कन्यादान मी केले.

दुपारी गुरुजी सामान आवरत होते. ठरलेले सात हजार आणि वर पाचशे, असे पाकीट मी पुढे केले. त्यांनी तिथेच उघडून मोजले.

"हे पाचशे कसले?"

"तुम्हाला थांबावं लागलं."

"थांबण्याचे आम्ही घेत नाही." नोट त्यांनी माझ्या हातावर ठेवली. गुरुजींना दिले ते सात हजार.