मोठ्यांनी हात लावायचा नाही

कुंदा गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. सातवीच्या वह्या तपासत बसले होते. फोन थरथरला, आणि मुख्याध्यापिकांच्या दोन ओळींखाली बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मला त्या हातांचा रागच आला. कुंदा भोईरबरोबर एका टेबलावर वर्षानुवर्षं डबा खाल्लेल्या बायका, आणि एकीलाही धड वाक्य सुचू नये? मग लक्षात आलं, मलाही काही सुचत नव्हतं. तपासून झालेली वही मी पुन्हा तपासत होते.

त्याच आठवड्यात तिला भाईंदर पूर्वेच्या हॉस्पिटलात भेटून आले होते. आवाज पार बारीक झाला होता, पण जीभ तशीच तिखट. "शैले, मोसंबीच आणलीस ना? आता इथं दुकानच टाकते," म्हणाली. हसलो दोघी. मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, "त्या पोरांनी तवा मना इचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं गो?" कोणती पोरं, कधी, हे मला विचारावं लागलं नाही. हा प्रश्न ती मला कित्येक वर्षं विचारत होती. "खरं काय ते सांगा, असंच म्हणाली असतीस," मी नेहमीचं उत्तर दिलं. तिने नेहमीप्रमाणे मान फिरवली. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं...

कुंदा आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. तिचं माहेर भाईंदरचं, मिठागरवाल्यांचं, सासर काशीगावचं. वर्गात तिची भाषा पुस्तकातल्यासारखी चोख, पण जीव गलबलला की लगेच घरची बोली तोंडात यायची. शाळकरी मुलांच्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची माहिती तिनेच कुठूनशी काढली. मुलांच्या गटाला एक अवघड कोडं देतात. ते सोडवायला काहीतरी यंत्र स्वतः बनवायचं आणि परीक्षकांसमोर छोट्या नाटकातून चालवून दाखवायचं. पहिलाच नियम असा, की सगळं मुलांनीच करायचं. मोठ्यांनी हात लावायचा नाही. कल्पना सुचवायची नाही, खिळा ठोकायचा नाही, साधा स्क्रूसुद्धा पिळायचा नाही. आपल्याकडे मुलांच्या प्रकल्पांवर कुणाच्या बापाचा हात फिरलेला असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मला हा नियम थट्टेचाच वाटला. कुंदाने मात्र तो देवाच्या नेमासारखा पाळला.

मुलं प्रयोगशाळेत पीव्हीसी पाइप, पाण्याच्या बाटल्या आणि सायकलच्या तारा जोडून पाणी वर चढवणारं चाक करत होती. कुंदा कोपऱ्यातल्या स्टुलावर, स्वतःच्याच तळहातांवर बसून. शब्दशः. मुलांना त्याची फार गंमत वाटायची. चाक दहादा पडलं, दहादा गळलं. "मॅडम, बरोबर आहे का?" असं कुणी विचारलं, की ही म्हणायची, "पाणी वर गेलं का? मग मला काय विचारता?" एकदा गटातल्या हर्षच्या वडिलांनी, त्यांचं इथेच बेव्हर्ली पार्कात हार्डवेअरचं दुकान आहे, रातोरात सगळे पाइप सुबक कापून पाठवले. कुंदाने ते तसेच परत केले. ते तणतणत शाळेत आले. "टीचर, इसमें क्या बिगड़ गया? बच्चों का टाइम बच गया ना!" कुंदा शांतपणे म्हणाली, "भाई, आपने बहुत अच्छा काटा है. इसीलिए नहीं चलेगा." मी तिला म्हटलं, जरा तरी सांगत जा गं पोरांना, किती रडवशील! तर म्हणाली, "आमचे बाबा सांगायचे, मीठ धरायला लागलं की वाफ्यात पाय घालायचा न्हाय. किती का हात शिवशिवंनात."

देशातली फेरी जिंकून आमचा संघ अमेरिकेला निघाला तेव्हा चाक सुटं करून सात मुलांच्या बॅगांमध्ये वाटलं होतं, खाकरे आणि चकल्यांच्या डब्यांच्या मध्ये कोंबून. दुसरी शिक्षिका म्हणून मी बरोबर होते. तिथल्या विद्यापीठाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये मुलांनी ते पुन्हा उभं केलं. संघाची प्रमुख सना, आठवीतली. चण एवढीशी, पण आवाज कणखर. नाव पुकारायची वेळ झाली होती. आम्ही सगळे मंचाशेजारी उभे होतो, आणि कुणाचा तरी पाय लागून चाक कलंडलं. कुंदाचा हात सटकन पुढे गेला. तिने चाक धरलं, सरळ केलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

झालं ते एवढंच. परीक्षक दुसरीकडे बघत होते. पण मंचावर जाण्याआधी मुलांना सांगावं लागतं, की मोठ्यांची मदत झालेली नाही. झाली असेल तर गुण कापतात. आणि तिथे संघाशी बोलायची मोठ्यांना सक्त मनाई. म्हणजे चूक कुंदाची, निस्तरायची मुलांनी, आणि तिने एक अक्षर काढायचं नाही. मुलं घोळका करून कुजबुजत होती. हर्ष रडवेला झाला होता. "किसीने नहीं देखा, सना. पूरे साल का काम है यार." दुसरा कोणी म्हणाला, "मॅडम पण काही बोलत नाहीयेत ना?" सना चिडली. "वो कैसे बोलेगी? अलाऊड नहीं है!" माझी नजर त्या पोरांवर खिळली होती. लाज वाटते, पण मनात मी म्हणत होते, गप्प बसा गं बाई, गप्प बसा. सना काही क्षण तशीच उभी राहिली. मग वळली, थेट परीक्षकबाईंकडे गेली आणि अडखळत्या इंग्रजीत सगळं सांगून आली.

चाक झकास चाललं. पाणी वर चढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण कापलेल्या गुणांनी आम्ही बक्षिसाच्या बाहेर गेलो. ते गुण हाती असते तर मुलं व्यासपीठावर असती. मुलं तासाभरात सावरली आणि परदेशी पोरांबरोबर बिल्ल्यांची अदलाबदल करत हिंडू लागली. कुंदा नाही सावरली. खोलीवर येऊन ओक्साबोक्शी रडली. "हात आयकला न्हाय गो माजा. पडलं असतं तरी पोरांनी पुन्हा केलं असतं. मीच भरवसा न्हाय ठेवला." परत आल्यावर पालकसभेत तिने उभं राहून चूक कबूल केली. हर्षची आई म्हणाली, "मगर बताना ज़रूरी था क्या, टीचर?" कुंदा म्हणाली, "मैंने नहीं बताया. आपके बच्चों ने बताया." सभेत टाळ्या पडल्या, पण घरी जाताना रिक्षात ती मला म्हणाली, की या टाळ्या पोरांच्या आहेत. "पोरांनी मला विचारलं असतं तर मी 'राहू दे, सांगू नका' म्हटलं असतं की काय, कोण जाणे..." तेव्हापासून हे टुमणं तिच्यामागे लागलं. पुढे तिने आणखी कितीतरी संघ तयार केले, बक्षिसंही आली. पण त्या एका दिवसाबाबत तिने स्वतःला पास केलं नाही.

मागच्या रविवारी काशीगावला तिच्या घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो, शेजारी तिच्या मिस्टरांनी नीट लावलेली विज्ञानाची पुस्तकं. थोड्या वेळाने सना आली. आता इंजिनिअरिंगला आहे. चहा झाला, आणि बोलणं अर्थातच त्या हॉलवर आलं. मी तिला विचारलं, तेवढ्याशा वयात एवढं धाडस तुला सुचलं कसं गं?

"धाडस कसलं, मॅडम," ती म्हणाली. "मला तर काहीच समजत नव्हतं. एकीकडे हर्ष रडतोय, सगळे माझ्याकडे बघतायत. मी कुंदा मॅडमकडे बघितलं. मनात म्हटलं, बोलू नका, पण नुसती मान तरी हलवा, हो किंवा नाही. मी खूप वेळ बघत होते."

"मग?"

"त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी चेहरा गच्च धरून उभ्या होत्या, मान हलू नये म्हणून धरतात ना, तशा. इतका राग आला होता मला तेव्हा! मग वाटलं, आता मलाच ठरवायचंय. आणि गेले."

मी तेव्हा कुंदाच्या शेजारीच उभी होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. कुंदालाही नव्हतं. डोळे मिटलेले असताना आपल्याकडे कोण बघतंय ते तिला कसं दिसणार? सना चहाचा कप आत ठेवायला गेली. मी फोटोसमोर उभी राहिले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला मोकळं रडू आलं. विचारलं होतं गं, कुंदा. पोरीने तुलाच विचारलं होतं.