चवड्याखालचा खडा

अमेरिकेत शॉमबर्गला नोकरी लागल्यावर मी ज्या घरात खोली घेतली, त्या घराच्या मालकांनी तरुणपणी एका परक्या देशाचं लढाऊ विमान मोडलं होतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आधी कळलं ते एवढंच, की गृहस्थ साठीचे आहेत, बायको वारलेली आहे, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेत, आणि कढईत मोहरी तडतडली की बाहेर कितीही बर्फ असो, ते खिडकी उघडतात.

वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं मराठी. मी, आणि माझ्याच ऑफिसात वर्षभर आधी लागलेला एक नागपूरकर. आमच्यात मालकांचं नाव ‘म्हातारबा’. नागपूरकराकडे गाडी होती, त्यामुळे मला ऑफिसला जाण्याची चिंता नव्हती. मग त्याची कंपनीच्या दूरच्या ऑफिसात, प्लेनोला, बदली झाली. महिन्याच्या आत मला लायसन्स काढणं भाग होतं.

मला त्याची काळजी नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, हे मी कुणालाही सांगतो आणि तेव्हाही सांगायचो. पण गाडी चालवणं हे तर आमच्या घरातच होतं. वडील साखर कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. सोळाव्या वर्षी त्यांनी मला कारखान्यामागच्या मैदानात ट्रक शिकवला. त्या ट्रकचा क्लच दाबायला सीटवरून अर्धं उठावं लागे.

पहिल्या टेस्टला मी नापास झालो. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत पहिल्यांदाच.

“काय बे, ड्रायव्हरचा पोरगा अन् फेल?” नागपूरकर म्हणाला. “घरी कळवू का तार करून?”

“इथल्या गाड्याच बायकी आहेत. क्लच नाही, काही नाही.”

“मग तर सोपं होऊन राहिलं ना! तुझा डावा पाय काय करून राहिला तिकडे?”

डावा पाय काय करत होता ते मला माहीत होतं. अचानक थांबायची वेळ आली की तो आपोआप क्लच शोधत जायचा, आणि क्लचच्या जागी ब्रेकची रुंद पट्टी सापडली की तीच दाबायचा. उजवाही तिथेच. गाडी जागच्या जागी गचका खाऊन थांबायची.

मी नापास झाल्याचं म्हातारबांना कळलं असावं. ते म्हणाले, “इंजिनिअर, रविवारी माझी गाडी घेऊ. तुमच्या ऑफिसचं पार्किंग रिकामं असतं. त्याच्या बदल्यात तू माझं एक काम कर.”

काम टायपिंगचं होतं. प्रबंधासाठी घेतलेला माझा टाइपरायटर त्यांनी पाहिला होता. इस्रायलहून त्यांना एक एअरमेल आलं होतं. अठ्ठेचाळीस साली तो देश झाला तेव्हा त्याच्याकडे जमवाजमव केलेली विमानं होती, पण ती उडवणारे पुरेसे नव्हते. म्हणून बाहेरच्या देशांतले वैमानिक आपणहून गेले होते. म्हातारबा त्यांतले एक. आता त्या जुन्या लोकांचं संमेलन भरणार होतं आणि प्रत्येकाने आपल्या कामाविषयी दोन पानं लिहून पाठवायची होती. त्या सगळ्या पानांचं पुस्तक होणार होतं. सोबत त्यांच्या तिथल्या धावपट्टीवरच्या, अजून हयात असलेल्या आणि संमेलनाला येणाऱ्या लोकांची यादी होती. एका नावापुढे म्हातारबांनी पेन्सिलीने बारीक खूण केली होती.

मी टाइप करत असताना ते शेजारी बसून सांगायचे. महायुद्ध संपल्यावर ते घरी आले, तर कामधंदा नाही. गोदामात खोकी उचलत होते. स्वतः ज्यू, पण देवळात जाणारे नव्हेत. एक मनुष्य भेटला, त्याने विचारलं, पुन्हा उडशील का? शेतीची यंत्रं विकायला चाललोय असा कागद घेऊन ते निघाले. पासपोर्ट जाईल ही भीती होतीच. तिकडे पोचले तर धावपट्टीवर अमेरिकन, कॅनडाचे, दक्षिण आफ्रिकेचे, इंग्लंडचे. हुकूम इंग्रजीत, थट्टा इंग्रजीत, शिव्या इंग्रजीत. विमानंही तशीच. एकाची शेपटी, दुसऱ्याचे पंख जोडून उभं केलेलं इंग्लिश बनावटीचं विमान त्यांच्या वाट्याला आलं.

त्या विमानांखाली कोण राहत होतं, कुणाची गावं गेली, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “वरून छपरं दिसतात.” आणि पुढचं वाक्य सांगायला लागले. मीही पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: उतरताना ब्रेक निकामी झाल्याने विमान पट्टीबाहेर जाऊन खड्ड्यात नाकावर पडलं, देखभालीतल्या त्रुटीबद्दल फिटरला कामावरून हलवण्यात आलं.

मी इंजिनिअर. मी विचारलं, “निकामी म्हणजे नेमकं काय झालं होतं? फिटरला तपासताना काय सापडलं?”

“लिहिलंय ते टाइप कर.”

मी टाइप केलं. खाली त्यांचं नाव, सहीसाठी जागा. तो कागद आठवडाभर फ्रिजवर तसाच पडून राहिला. पाकिटावर पत्ता होता, तिकीट लावलेलं होतं, कागद काही आत जात नव्हता. पेन्सिलीची खूण कुणाच्या नावापुढे आहे हे मी तेव्हा ओळखलं. तो फिटर जिवंत होता आणि संमेलनाला येणार होता.

रविवारी सकाळी आम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये गेलो. मी चालवत होतो, ते शेजारी. पाऊण तास सगळं ठीक चाललं. मी बोलतही होतो, वडिलांच्या ट्रकच्या गोष्टी सांगत होतो. तेवढ्यात शेजारच्या तळ्याकडून एक हंस चालत आला, मोठा, करड्या रंगाचा, मान वर करून, आणि सरळ गाडीसमोर उभा राहिला.

माझे दोन्ही पाय एकदम पडले. गाडी गचकन थांबली. म्हातारबांचा चष्मा उडून काचेवर गेला.

“तुमचे ब्रेक खराब आहेत,” मी लगेच म्हणालो. “जास्त पकडतात. गेल्याच आठवड्यात बदलून आणलेत ना? त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नीट बसवले नाहीत.”

त्यांनी वाकून चष्मा शोधला, पुसला, घातला. हंस अजून तिथेच.

“मेकॅनिकने,” ते म्हणाले. “उद्या जाऊ या त्याच्याकडे. त्याच्या मालकाला सांगू. मालक माझ्या ओळखीचा आहे, माझं ऐकेल. त्या माणसाला काढूनही टाकेल.”

“काढायला कशाला...”

“मग खाली बघ.”

मी खाली बघितलं. माझा डावा पाय अजून ब्रेकवर होता.

त्यांनी हात लांब करून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. मग समोर बघतच बोलले. मी तेव्हाही मध्ये काही विचारलं नाही आणि आता त्यात भर घालत नाही.

महायुद्धात ते उडवत त्या अमेरिकन विमानांत ब्रेक पायांत असतात, ते म्हणाले. पेडलवर चवडे दाबायचे. त्या इंग्लिश विमानात ब्रेक हातात; विमान वळवायच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी मूठ असते, ती आवळायची. हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या पाच-सहा वेळा उतरताना ते स्वतःशी मोठ्याने म्हणायचे, ‘हात, हात.’ मग सवय झाली असं वाटलं आणि म्हणणं थांबलं. त्या दिवशी पट्टीच्या टोकाला पाण्याचा ट्रक आडवा आला. त्यांनी चवडे दाबले. आणखी दाबले. मूठ बोटांखालीच होती.

“कमांडरला मी म्हणालो, ब्रेक लागले नाहीत. ते खोटं नव्हतं. लागले नव्हतेच. मी लावलेच नव्हते.”

फिटर सगळ्यांत आधी धावत आला होता. चाळिशीचा माणूस, आधीच्या देशात घड्याळजी होता. त्याने म्हातारबांना बाहेर ओढलं, मग आत हात घालून ती मूठ आवळली. हवेचा फुस्स असा आवाज झाला. ब्रेक चालू होते. आवाज दोघांनीही ऐकला. फिटर कमांडरकडे गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. हाताची मूठ दाखवून तो सारखं म्हणत राहिला, “ब्रेक गुड. ब्रेक गुड.” दोघं-तिघं हसले. देश त्याचा होता, विमानदलही त्याचंच, पण तिथली भाषा पाहुण्यांची होती. आणि वैमानिक मोजके. फिटरला स्वयंपाकघरात पाठवलं, बटाटे सोलायला. पुन्हा विमानाला हात लावू दिला नाही.

“त्यानंतर मी दोन्ही बुटांत चवड्याखाली एकेक खडा ठेवून उडायचो. पाय दाबला की टोचायचा. हात आठवायचा. पुन्हा कधी चूक झाली नाही.” ते थांबले. “एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी बूट झटकत होतो. तो तिथेच बसला होता. खडा घरंगळत त्याच्या पायाशी गेला. त्याने उचलला, बघितला, माझ्या तळहातावर ठेवला आणि परत सोलायला लागला.”

मग ते गाडीतून उतरले, कडेच्या रेतीतून एक खडा निवडून घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. “डाव्या बुटात घाल. आणि हंसाला वळसा घालून चल.”

त्याच दुपारी आम्ही ती दोन पानं पुन्हा केली. ते सांगत होते, मी टाइप करत होतो. त्या वाक्यापाशी आले आणि म्हणाले, “असं लिही: घाईत माझ्याकडून कदाचित पायांचा वापर झाला असावा.”

मी हात उचलले. “कदाचित?”

“छत्तीस वर्षं झाली. स्मरणशक्तीचा काय भरवसा?”

“आवाज आठवतो, खडा आठवतो, आणि पाय आठवत नाहीत?”

“तू भाडेकरू आहेस,” ते म्हणाले.

“आहे. माझे वडील ड्रायव्हर आहेत. ट्रकची कुठे टक्कर झाली की कारखान्यातले साहेब असल्याच इंग्रजीत लिहायचे आणि खाली वडिलांचा अंगठा घ्यायचे. वडिलांना वाचता येत नसे, आणि त्यात काय लिहिलंय ते विचारतही नसत. त्या फिटरला कुणीतरी वाचून दाखवलं तर एका दमात कळेल असं लिहा.”

आवाज चढला होता माझा. नागपूरकर जिन्यात येऊन उभा राहिला होता. मला मराठीत म्हणाला, “सामान बांधून ठेवू का तुझं पण?”

म्हातारबांनी मशीनमधला कागद ओढून काढला आणि नवा पुढे केला. मग चार वाक्यं सांगितली. ब्रेक चांगले होते. मी हाताने लावायचे ते पायाने लावत होतो. ते मला त्याच वेळी कळलं होतं. फिटरची काही चूक नव्हती. त्यांनी सही केली, कागद पाकिटात घातला आणि आपणच चालत जाऊन पेटीत टाकून आले. टोपी घालायला विसरले होते.

मी दुसऱ्या टेस्टला पास झालो. परीक्षकाने लंगडतोस का असं विचारलं, मी हो म्हणालो. नागपूरकर प्लेनोला गेला. वसंतात मी म्हातारबांना त्यांच्याच गाडीतून विमानतळावर सोडलं. जाताना ते म्हणाले, “तो तोंडही बघणार नाही कदाचित.” तो ‘कदाचित’ मी खोडला नाही.

दोन आठवड्यांनी आणायला गेलो. सामान ठेवलं, हायवेला लागलो, तरी ते हवामानावरच बोलत होते. शेवटी मी विचारलं, “भेटला का?”

“भेटला. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आला आणि घरी चला म्हणाला.”

“मग?”

“पुस्तक इंग्रजीत. त्याला अजूनही इंग्रजी येत नाही. जेवायच्या आधी त्याने मुलीला माझं पान वाचायला लावलं, त्यांच्या भाषेत, घरातल्या सगळ्यांसमोर. जावई, नातवंडं, शेजारी. मला फक्त माझं नाव कळत होतं. ते पुन्हा पुन्हा येत होतं. एका ठिकाणी त्याने तिला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ब्रेक गुड.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, ‘येस. ब्रेक गुड.’”

पुढे टोल आला. मी थांबलो, उजव्या पायाने. नाणी टाकून पुन्हा निघालो.

“जेवायला काय होतं?” मी विचारलं.

“कोंबडी, भात, भाज्या. पुष्कळ होतं.” ते खिडकीबाहेर बघत होते. “बटाटे नव्हते. मुलगी म्हणाली, आमच्या घरात कधीच आणत नाहीत, का ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.”

घरी पोचल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली. मी सकाळी भाजी फोडणीला टाकताना ती उघडली होती आणि तशीच ठेवून गेलो होतो.