हम्मूचं बी आणि खुडलेले शेंडे

अर्धी चढण चढून झाली तरी तलैतमासचं एकच चाललं होतं.

"मग शेंडा खुडायचा की नाही खुडायचा? तू तरी सांग, मिमूंत."

"लल्ला, मला काय विचारता? संस्थेत मी तर मागे बसून चहा ओतत होते." मिमूंत तिला मानाने लल्ला, म्हणजे बाई, म्हणे.

दोघी शेजारणी गांजा पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेतून परतत होत्या. तिथल्या शेती शिकवणाऱ्या मास्तराला दाखवायला नेलेली फांदी तलैतमासच्या ओढणीत तशीच गुंडाळलेली होती. वसंतात त्याच मास्तराने शिकवलं होतं, शेंडा खुडा, बुडची पानं काढा, बगलेतून फुटवे येतील, एका झाडाला चार तुरे धरतील. नर झाड दिसलं की उपटा. तिने बिस्मिल्ला म्हणून वरच्या पट्टीतली संस्थेची नवी झाडं खुडली, आणि हात चालतच होता म्हणून खालच्या पट्टीतली बलदीही. बलदी म्हणजे डोंगरातलं जुनं वाण. नवरा हम्मू गेल्यावरही ती त्याच्याच बियाण्यातून पेरत आली होती. पावसावर येणारं ते पीक. त्याचा शेंडा कुणी कधी खुडला नव्हता.

नवी झाडं माजली. बलदी खुंटली.

"आज मास्तर विचारतो, बलदी खुडायला कुणी सांगितलं? अरे, तूच ना! झाड म्हणालास, नवं-जुनं कुठे म्हणालास?"

"फुटवे आलेत की थोडे."

"आलेत. पण तुरा धरेल का? मास्तर म्हणतो धरेल, उशिरा. संस्थेच्या दारात बसलेला तो म्हातारा शेतकरी म्हणतो, तोवर वाळेल. दोघंही अल्लाची शपथ घेऊन बोलतात. कुणाला खोटं म्हणू?"

झऱ्यापाशी दोघींनी हातपाय धुऊन वजू केली आणि दुपार कलल्यावरची असरची नमाज पढली. मिमूंत उठली, तलैतमास चटईवर फांदीकडे बघत बसून राहिली.

"लल्ला, बी तरी राखलंय ना?"

"सगळं पेरलं. दरवर्षी कोपऱ्यात दोन नर ठेवायचे, बी धरायचं, पुन्हा पेरायचं. यंदा मास्तराचं ऐकून तेही उपटले. आता तुरा आला तरी वांझ."

मिमूंतने वर आपल्या पट्टीकडे पाहिलं. तिची बलदीही हम्मूनेच दिलेल्या बियांची होती, तलैतमासच्या शेताच्या वरच्याच अंगाला. तिथले नर उद्या उपटायचे होते; राहिले तर तिचेच तुरे दाण्यांनी भरतील आणि संस्था नाक मुरडेल.

तलैतमास उठली, गुडघे झटकले. पुन्हा विचारात पडल्यासारखी थांबली.

"बरोबर मागतेय की नाही, मला कळत नाही बाई. पण बांधाकडचे नर यंदा राहू दे. वारा त्यांचा पराग घेऊन माझ्याकडेच उतरतो."