सारवलेली चूल

स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यावरच्या संशोधनाला निधी एकदाचा मंजूर झाला आणि मी वीटभट्टीवर पोचले, तर झोपड्या मोडलेल्या. पाऊस जवळ आला की ही माणसं गावी परततात, दुखणंही सोबत नेतात. आमच्या मंजुरीला मात्र कसलीच घाई नसते. आता त्या वाट बघण्याचाच शीण येतो.

सखूबाईची चूल तेवढी उरली होती. जागा सोडताना चूल सारवून निघायचं, ही त्यांची रीत. हिवाळ्यात इथेच बसून मी तिच्या खोकल्याची चौकशी केली होती. सगळी उत्तरं देऊन झाल्यावर ती म्हणाली होती, "ताई, पुढच्या खेपेला औषध पण आणा."

आजही पिशवीत नवे प्रश्नच होते. मी चुलीपाशी टेकले, सहज हात लावला. सारवण अजून ओलं होतं.