प्राजक्ताच्या घरचे आधीचे भाग

शेजार असला की किस्से आपोआप साचतात. भिंत एकच, तिकडे कुकर लागला की इकडे शिट्ट्या मी मोजते! पण शेजारच्या प्राजक्ताच्या घरचे किस्से माझ्या डोक्यात कधीच ओळीने बसत नाहीत. आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, सगळा घोळ. दोष माझा नाही, त्या पिक्चरचा आहे.

प्राजक्ता आमच्या तळेगावात कॉम्प्युटर क्लास चालवते. गुणाची पोरगी. दोन वर्षांपूर्वी तिची सोयरीक ठरली आणि सुपारी फुटायच्या आठवडाभर आधी मोडली. का मोडली, ते पाहुण्यांनी सांगितलंच नाही. तेव्हापासून तिच्या आईला, शोभाला, एकच घोर: आता पुन्हा जमणार कसं?

त्याच सुमारास प्राजक्ता मला दर रविवारी दुपारी पिक्चर पाहायला बोलवायला लागली. मी एका पायावर तयार!

*

पिक्चर एक नाही, चांगले सात-आठ भाग आहेत, हिंदीत केलेले. अवकाशात कुठेतरी खाण, तिथे गेलेली माणसं आणि भिंतीतून पाझरणारा एक राक्षस, डिंकासारखा. पहिल्या रविवारी त्यातली शूर डॉक्टरीण राक्षसाला सोबत घेऊन स्फोटात मेली. मी पदराने डोळे पुसले. घरी येऊन जेवणसुद्धा गेलं नाही.

पुढच्या रविवारी पाहते तर बाई जिवंत! कॉलेजात मैत्रिणींसोबत डबा खात बसलेली.

"वो माय! हे वाचली?"

"वाचली नाई काकू. हे आधीचं हाये. प्रीक्वेल."

"मंग आठ दिवस मी रडली ते?"

"ते नंतरचं."

म्हणजे मी आधीच रडून बसले होते!

*

एकदा आमचे हेही आले. जन्मभर एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे यांचं लक्ष माणसांकडे नाही, मशीनकडे. जुन्या भागात यानाला ही मोठमोठी बटणं आणि डबडा टीव्ही. 'आधीच्या' भागात मात्र नुसतं बोट लावलं की सगळं उजळतं.

यांनी चष्मा काढून पुसला. "पहिले नवीन मशीन, अन् नंतर जुनं?"

"काका, गोष्ट आधीची हाये, पण पिक्चर नंतर काढला न!"

यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग समाधानाने म्हणाले, "समजलं. आपल्या डेपोसारखं हाये. गाडी नवीन असते तवा दुसरीकडे, जुनी झाली का आपल्याकडे!"

*

मग आला 'आधीच्याही आधीचा' भाग. राक्षस मुळात कुठून आला, ते त्यात दाखवतात. एक शास्त्रज्ञ डिंकाजवळ गेला आणि त्याने हळूच बोट पुढे केलं. संत्री सोलता सोलता शोभा भडकली.

"बोट काऊन लावते हा मेला?"

"त्याले माहीत नाई न आई, काय होणार हाये ते."

"मले माहीत हाये, मंग त्याले काऊन नाई? पाच भाग होऊन गेले!"

*

यंदा कारंज्याहून एक स्थळ आलं. आमच्याकडे मुलगी पाहायच्या आधी शेजारणीला गुपचूप विचारायची रीत आहे. एका दुपारी मुलाची आत्या 'जरा पाणी द्या वो बाई' म्हणत माझ्या ओट्यावर टेकली.

"बाजूची पोरगी कशी हाये?"

"सोनं!"

"अन् आधीचं काही?"

माझ्या डोक्यात पुन्हा घोळ! तोंडातून निघून गेलं, "आधीचं म्हणजे खरं आधीचं, का नंतर काढलेलं?"

आत्या पाणी न पिताच उठली. शोभाला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

*

तरी पाहुणे आले! मुलगा, आत्या, आईवडील. पोहे वाटायला शोभाने मलाच बोलावलं. मुलगा काही विचारायच्या आत प्राजक्ताच म्हणाली, "पहिले एक सोयरीक मोडली हाये माही. सांगून ठेवलेलं बरं."

"काऊन मोडली?" मुलाने विचारलं.

शोभाने घाईघाईने चहाचा ट्रे पुढे केला. आत्या थेट माझ्याकडे पाहत होती. मला काही राहवलं नाही.

"मी मोडली! त्या पोराचा काका मले विचारायले आलता. मी म्हटलं, पोट्टी सोनं हाये, फक्त रविवारी दुपारी घरातून तिच्या किंकाळ्या ऐकू येते. मले का माहीत पिक्चर असते ते? मी तवा पाह्यलाच नवता!"

शोभा माझ्याकडे पाहतच राहिली.

"माहीत हाये काकू," प्राजक्ता म्हणाली. "भिंत एकच हाये न, पहिल्या दिवसापासून माहीत हाये. म्हणून तं तुमाले दर रविवारी बोलावते. आता गल्लीत किंकाळी ऐकू आली, तं लोकं म्हणते, काही नाई, बाजूची काकू हाये!"

आत्याने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं, मग प्राजक्ताकडे.

"अन् रविवारी किती वाजता लावता?"