दूध पाजायला येणारी बाई

आम्ही कोकणातली माणसं, आणि त्यातून आमचं घर अंमळ जास्तच संशयी. दूधवाला हसून बोलला तर आत्या त्या दिवशी दूध दोनदा गाळायची. मीही त्याच वळणावर गेले आणि त्याचा मला फारसा खेद नाही. उगाच चांगलं वागणाऱ्या माणसाकडे मी आजही जरा तिरकंच बघते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मी मराठी चौथीत होते. धाकटी बहीण झाली, आणि आठवड्याच्या आत आईला ताप भरून तिचं दूध आटलं. वरचं दूध बाळाच्या पोटात ठरेना. डॉक्टरांनी वडिलांना गॅलरीत नेऊन स्पष्ट सांगितलं की कुणा बाईचं अंगावरचं दूध मिळालं तरच पोर हाती लागेल. चाळीत अंगावर पाजणारी एकच होती. तिच्या सासूनं आम्हाला बघताच दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गावठाणातली एक ख्रिस्ती बाई दारात येऊन उभी राहिली. सुईणीकडून तिला कळलं होतं. तिचं स्वतःचं तान्हं मूल नुकतंच गेलं होतं. अंगावर दूध आहे, पाजू का, एवढंच तिनं विचारलं.

आत्या दारातच आडवी उभी राहिली. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. इथं तर दूध थेट पोटात जाणार होतं. शिवाय मूल गेलेली बाई. उद्या आमच्या पोरीवर तिचा जीव जडला आणि ती मागायलाच लागली तर? वडील म्हणाले, आजकाल फुकट कोण कुणाकडे येतं? पण बाळ आता रडतही नव्हतं. शेवटी आईनंच अंथरुणातून हात करून तिला आत बोलावलं.

मग माझी नेमणूक झाली. "तिच्या हातार नजर ठेव," आत्या म्हणाली. "कपाळार कुरूस काढल्यान तर माका हाक मार." कुरूस म्हणजे ख्रिस्ती लोकांची क्रूसाची खूण.

बाई सकाळ-संध्याकाळ यायची, दुपारीही यायची. आत्यानं आंघोळ करून ये म्हटलं, तर ओल्या केसांनी आली. आमच्या भांड्याला हात लावू नको म्हटलं, तर पाण्याचा तांब्याही घरून आणायला लागली. बाळ पीत असताना ती बाळाकडे कधीच बघायची नाही. भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत बसायची. ती काहीतरी मंत्र टाकतेय, असं आत्याचं मत पडलं. माझंही तेच.

एकदा तिचा उजवा हात बाळाच्या कपाळाकडे गेला आणि मी आत्याला हाक मारली. कपाळावर माशी बसली होती. दुसऱ्या खेपेला बसल्या बसल्या बाईनं उजवा हात माझ्या हातात दिला आणि बाळाला डाव्या हातानं धरलं. मी तो हात घट्ट धरून बसले. एवढं निमूट कोण ऐकून घेतं? माझा संशय वाढलाच.

बाळाच्या गालावर रंग आला. आईचा ताप उतरला, पण दूध अजून आलं नव्हतं. एका संध्याकाळी आईनं त्या बाईला मायेनं म्हटलं, "तुमचा जीव जडला असेल ना हिच्यावर?"

बाईनं मान हलवली. "नाय बाय. तुमची पोर तोंड लावते, तवा मना माझी आठवते. हिला खाली ठेवून घरी पळावं वाटतं. तुमच्या दारात रोज पाय अडतात."

"मग येता कशाला?"

"येशूनं सांगितलंय, भुकेल्याला खायला घाल. तुला बरं वाटेल तवाच घाल, असं नाय सांगितलं."

पदर सारखा करून ती निघून गेली. ती मनाविरुद्ध येत असेल, हा एक संशय आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. मला भीती वाटली, ती आता येणार नाही. आईनं तर रात्रभर बाळाला खालीच ठेवलं नाही.

सकाळी ती आली, ओल्या केसांनी. आईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आज तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. बाळाकडे बघत राहिली आणि रडायला लागली. तान्ह्या पोरावर डोळ्यांतलं पाणी पडू देणं आमच्याकडे फार अशुभ मानतात. आत्या तडक उठून तिच्याजवळ गेली. मला वाटलं, आता बाळ ओढून घेणार. तिनं पदरानं आधी त्या बाईचे डोळे पुसले, मग बाळाचं डोकं.